गावात आधी आडवी बाटली करायची की आधी व्यसनमुक्ती शिबिर? अनुभव असलेल्यांनी सांगा

सीआरपी_ताई_यवतमाळ

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात उमेदची, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाची, सीआरपी (गावातली कार्यकर्ती) आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्याकडची माणसं पण इथे असतील. लांब लिहिलंय पण पूर्ण वाचून उत्तर द्या प्लीज.

गावात देशी दारूचं लायसनवालं दुकान आहे, एसटी थांब्यावरून शाळेकडे जायच्या रस्त्यावरच. नाल्याच्या पलीकडे दोन ठिकाणी हातभट्टी निघते ती वेगळी. गटाच्या मीटिंगला आम्ही बचत गोळा करायला बसतो आणि अर्धा वेळ दारूवरच जातो. एका ताईने गटाचं कर्ज काढून शिलाई मशीन घेतली होती, नवऱ्याने ती तालुक्याला नेऊन विकली, आता हप्ता ती निंदणाच्या मजुरीतून भरतेय. दुसरीची पोरगी नववीत आहे, दिवस मावळला की दप्तर उचलून मोठ्या आईकडे जाते आणि तिथंच झोपते, बाप झोपला म्हणून आईने निरोप पाठवला तरी घरी येत नाही. अशा किती सांगू.

तर बायकांनी ठरवलंय की आडवी बाटली, म्हणजे मतदान घेऊन दुकान बंद, करायचीच. ग्रामसभेत विषय काढला तर पुरुष मंडळी म्हणाली की आधी व्यसनमुक्ती शिबिर घेऊ, लोक सुधारले की दुकान आपोआप बंद पडेल. त्यांनी एक बाबा पण शोधून ठेवलाय, तो पुडी देतो, नवऱ्याला न सांगता चहातून द्यायची म्हणे, महिन्यात दारू सुटते. काही बायकांनी पैसे पण काढून ठेवले पुडीसाठी.

माझी अडचण वेगळीच आहे. गावात पाच-सहा जण असे आहेत की सकाळी उठल्या उठल्या घेतल्याशिवाय त्यांचे हातच थांबत नाहीत, चहाचा कप धरता येत नाही. उद्या खरंच दुकान बंद झालं तर ह्यांचं काय होणार? त्यातला एक माझा चुलत दीर आहे. आमच्या आशाताई म्हणतात एकदम बंद झालं की माणूस मरू पण शकतो. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर बायकांना मी काय सांगू, थांबा म्हणू?

मोहफूल

ताई, थांबा अजिबात म्हणू नका. मी गडचिरोलीचा, गावागावात दारूबंदीच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून सांगतो. एकदा बायकांचा जोर ओसरला की परत उभा करायला फार वेळ जातो आणि दुकानदाराला तेच पाहिजे असतं.

आधी कायद्याचं नीट समजून घ्या कारण अर्ध्या गावांचं मतदान इथेच फसतं. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, मग सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान राहू द्या) आणि आडवी बाटली (बंद करा). आता लक्ष द्या. दुकान बंद व्हायला मतदानाला आलेल्या बायकांपैकी अर्ध्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी अर्ध्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी बाई वीटभट्टीवर गेली, जी लेकीच्या बाळंतपणाला गेली, जी तीन वर्षांमागे वारली पण नाव यादीत तसंच आहे, त्या सगळ्या हिशोबात उभ्या बाटलीच्याच बाजूला धरा. त्यामुळे अर्ज द्यायच्या आधी बीएलओकडून (मतदारयादीचं काम बघणारा कर्मचारी) मतदारयादी घ्या, गटागटात वाचून काढा, मयत आणि लग्न होऊन गेलेल्या नावांची वजावट करून घ्या. आणि सह्या घेताना नाव यादीत आहे तसंच लिहा, माहेरचं-सासरचं नाव बदललं की सही बाद करतात. मतदानाची तारीख मजूर बाहेर असतात त्या दिवसांत लागू देऊ नका, तसं लेखी मागा.

दुसरं, हे मतदान फक्त लायसनवाल्या दुकानासाठी आहे. हातभट्टी मुळातच बेकायदेशीर, तिच्यासाठी मतदान लागत नाही, पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्कवाले लागतात आणि गावाचा रेटा लागतो. २०१६ च्या दारूबंदी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर बेकायदा दारूवर नजर ठेवायला गावाचं ग्रामरक्षक दल करता येतं, ग्रामसभेत ठराव करून घ्या, त्यात बायका निम्म्या तरी असू द्या.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, लोकांनी भांडून मिळवलेली. पण बंदी कागदावर झाली म्हणून दारू गेली असं नाही, चोरून येतच राहिली. म्हणून २०१६ ला सर्च ही संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून मुक्तिपथ हे व्यसनविरोधी अभियान सुरू केलं. त्यात लोकांमध्ये जागृती, गावाची स्वतःची संघटना, प्रशासनाकडून अंमलबजावणी आणि व्यसनी माणसाला उपचार, हे चारही एकदम चालतात. तालुक्याला क्लिनिक असतं आणि गावात शिबिर होतं ते पण गाव दारू बंद करायला लागलं की होतं. म्हणून तुमचा "आधी हे की आधी ते" हा प्रश्नच पुरुष मंडळींनी तुमच्या गळ्यात घातलेला आहे. दोन्ही बरोबर चालवा.

कास्तकार७२

मोहफूल भाऊंना मान आहे पण मी दुसरी बाजू मांडतो. मी वर्धा जिल्ह्यातला, आमच्याकडे १९७५ पासून बंदी आहे आणि पाहिजे त्याला पाहिजे तेव्हा मिळते, फक्त भाव जास्त आणि माल कोणता ते देवालाच माहीत. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी केली, २०२१ मध्ये सरकारनेच उठवली.

मला राग ह्याचा येतो की माणूस पितो कशाने हे कोणी विचारतच नाही. कापूस घरात पडून आहे, भाव नाही, बँक दारात उभं करत नाही, सावकार दारातून हलत नाही, पोरीचं लग्न तोंडावर. आमच्या वस्तीवरचा एक जण, पूर्वी सणावारालाच घ्यायचा, लागोपाठ दोन सीझन बोंडअळीने गेल्यावर रोजचा झाला. रात्री झोप येत नाही म्हणून घेतो म्हणायचा. सगळ्यांनी त्याला बेवडा ठरवलं, भजनातून काढलं, पारावर कोणी बसू देईना. कोणी एकाने पण विचारलं नाही की तुला झोप कधीपासून नाही. पुढे त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तेव्हा सगळे दवाखान्यात भेटायला आले. वाचला. पण हे आधी का नाही झालं?

दुकान बंद करा, माझी ना नाही. पण त्या माणसाच्या डोक्यात जे चालू आहे ते दुकानाबरोबर बंद होत नाही.

मेडिकल_ऑफिसर_ग्रारु

ताई, मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. तुमच्या आशाताईंचं बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा, हा प्रश्न मतदानाच्या आधी विचारला हे फार चांगलं केलंत.

दारू एकदम बंद केल्यावर प्रत्येकाला धोका नसतो. आठवड्यातून एकदा-दोनदा घेणाऱ्याला दोन रात्री झोप येणार नाही, चिडचिड होईल, बास. धोका आहे तो तुम्ही लिहिलेल्या पाच-सहा जणांना, जे वर्षानुवर्षं रोज पितात आणि सकाळी पहिली घेतल्याशिवाय ज्यांचा थरकाप जात नाही. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम, उलटी, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येऊ शकतात. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं, ओळख राहत नाही, ताप चढतो. गावात ह्याला बाहेरचं झालं म्हणतात आणि मांत्रिकाकडे नेतात. ही इमर्जन्सी आहे. उपचार मिळाला नाही तर माणूस दगावतो, आणि वेळेवर दवाखान्यात आणलं तर बहुतेक जण वाचतात. आधी कधी झटका आलेला असेल, लिव्हरचा त्रास असेल, वय जास्त असेल तर अशाला घरी सोडवायचा प्रयत्नच करू नका, भरती करा.

उपचार अवघड नाहीत. पहिले काही दिवस थरकाप आणि झटके आवरणाऱ्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीत देतो आणि रोज कमी करत बंद करतो. सोबत बी-१ म्हणजे थायमिन. हे थायमिन फार महत्त्वाचं आहे आणि गावात नेमकं तेच राहून जातं. रोज पिणारा माणूस जेवत नाही, अशक्त दिसतो, मग घरचे म्हणतात डॉक्टर एक सलाईन लावा, आणि गावातला डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावून देतो. शरीरात थायमिन नसताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, चाल बिघडते, डोळे फिरतात, नंतर स्मरणशक्ती जाते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला आधी सांगायचं, हा रोज पिणारा आहे, आधी थायमिन द्या. इतकं वाक्य प्रत्येक बाईला पाठ करून घ्या, खरंच.

आता पुडी. ताई, ती पुडी कोणाला घेऊ देऊ नका. त्यात काय आहे ते देणाऱ्यालाच माहीत. बऱ्याचदा अशा पुड्यांमध्ये डायसल्फिराम निघतं. ते औषध खरं आहे, आम्ही पण देतो, पण तपासण्या करून आणि माणसाच्या पूर्ण माहितीने आणि संमतीने. ते पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, बीपी पडतं, हृदयाचा त्रास असलेला माणूस जाऊ पण शकतो. ज्याला माहीतच नाही की आपल्या चहात काय आहे तो दुकानावर जाऊन रोजच्यासारखी घेणार. आणि काही झालं तर दोष येणार बायकोवर. पुडीचे पैसे परत पेटीत टाका.

तुम्ही एक करा. मतदानाचा अर्ज द्याल त्याच आठवड्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना गटाच्या लेटरहेडवर पत्र द्या की आमच्या गावात दुकान बंद होणार आहे, रोज पिणाऱ्यांसाठी सोय करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात आणि ठरलेल्या दिवशी टीम तालुक्याच्या ठिकाणी पण येते, तो वार विचारून घ्या. आशाताईंकडून त्या पाच-सहा जणांची यादी करा पण ती चावडीवर वाचायची नाही, त्यांच्या घरी जाऊन बोलायचं. दुकान बंद व्हायच्या आधी ते दवाखान्यात येऊन गेलेले असले पाहिजेत.

मांडवीकाठ

मी गोव्यात समुपदेशनाचं काम करते, मूळची सावंतवाडीची. इथे स्वस्त दारू कोपऱ्याकोपऱ्यावर आहे त्यामुळे बंदीचा अनुभव मला नाही, पण कास्तकार दादांनी जे विचारलं की माणसाशी बोलतं कोण, त्यावर सांगू शकते.

आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत आणि पिणारा माणूस गावात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात दारूच्या समस्येसाठी उपचाराची तफावत ८६ टक्के निघाली, म्हणजे ज्यांना गरज आहे अशा शंभरातल्या ८६ जणांपर्यंत काहीच पोचत नाही. तेवढे डॉक्टर तयार व्हायची वाट बघत बसलो तर एक पिढी जाईल.

म्हणून गोव्यात संगाथ संस्थेने वेगळं करून बघितलं. मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या साध्या शिकलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा बोलायचं, दर वेळी अर्धा-पाऊण तास. ३७७ पुरुष होते अभ्यासात आणि २०१७ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनी बघितलं तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के जणांनी आधीच्या दोन आठवड्यांत दारूला हात लावला नव्हता, ज्यांना फक्त दवाखान्याची नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात १८ टक्के. वर्षानंतर पण फरक टिकलेला होता.

बोलायचं काय, तर भाषण नाही द्यायचं. "दारूने संसाराची राखरांगोळी होते" हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यालाच विचारायचं की कधी जास्त होते, कोणासोबत, कुठल्या दिवशी. बहुतेक वेळा उत्तर येतं पगाराच्या दिवशी. मग त्या एका दिवसाचं बोलायचं. पैसे हातात घेण्याऐवजी खात्यावर टाकायला मालकाला सांगता येईल का, परतीचा रस्ता बदलता येईल का, सोबत कोण येईल, मित्राने ग्लास पुढे केला तर काय म्हणशील, आणि ते वाक्य समोर बसून दोन-तीनदा म्हणून घ्यायचं. एकाने माझ्यासमोर बसून "डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत रे" हे इतक्यांदा म्हणून बघितलं की शेवटी स्वतःच म्हणाला, बाई आता हे खरंच वाटायला लागलंय.

पण दोन गोष्टी स्पष्ट सांगते. हे चार बैठकांचं समुपदेशन मधल्या लोकांसाठी आहे, जे जास्त पितात पण शरीर पूर्ण अवलंबून झालेलं नाही. तुमचे थरकापवाले पाच-सहा जण ह्यात बसत नाहीत, त्यांना डॉक्टरच पाहिजे. आणि दुसरं, त्या अभ्यासात दारू सोडणारे वाढले तरी बायकोला होणारी मारहाण कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून नवरा प्यायचा थांबला की घर आपोआप नीट होईल असं बायकांना सांगू नका, मारहाणीचा विषय वेगळा धरूनच चालवा.

पस्तिशीतली_गृहिणी

सगळं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, एरवी मी फक्त वाचते. माझ्या मिस्टरांची दारू सुटून बरीच वर्षं झाली. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होते. तिथे उपचार ३५ दिवसांचे होते आणि मला वाटलं होतं की ३५ दिवसांनी दुरुस्त होऊन घरी पाठवतील. तसं नसतं हे तिथेच पहिल्या आठवड्यात बायकांच्या मीटिंगमध्ये कळलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ ला सुरू केलं तेव्हापासून घरच्यांना बरोबर घेतात असं तिथल्या जुन्या ताई सांगायच्या.

त्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले की मी त्यांच्या कामावर फोन करून ताप आलाय म्हणून खोटं सांगते, उधारी फेडते, ओकलेलं पुसते, आणि सकाळी काही झालंच नाही असा चहा देते. समोरच्या बाईने सांगितलं की हे सगळं बंद कर, जो त्याच्या आजाराचा परिणाम आहे तो त्याला दिसू दे. हे ऐकायला फार जड गेलं पण नंतरच्या दिवसांत तेच कामी आलं.

ताई, तुमच्या गावात माणूस उपचार घेऊन परत येईल ना, तो पहिला महिना सगळ्यात अवघड. गाव त्याच्याकडे टक लावून बघतं. कोणी म्हणतं बघू किती दिवस टिकतो, कोणी मुद्दाम बोलावतं. आमच्याकडे दोन महिन्यांनी एकदा घसरले होते, मी तर सामान बांधलं होतं, तेव्हा फॉलोअपच्या समुपदेशकांनी सांगितलं की हा आजाराचाच भाग आहे, आजच्या आज परत घेऊन या. दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. तो दिवस घरात भांडण्यात घालवला असता तर गाडी कुठे गेली असती काय माहीत. आता ते दर आठवड्याला एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला जातात, चुकवत नाहीत. तुमच्या तालुक्यात एएचा गट आहे का बघा, नसेल तर जिल्ह्याला असेल, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि एक कळकळीने, खासगी केंद्रात टाकताना डोळे उघडे ठेवा. आधी एका ठिकाणी आम्ही फसलो होतो, नाव लिहीत नाही, गाडी पाठवून रात्री उचलून नेलं, महिनाभर भेटू दिलं नाही आणि मारायचे. दारूपेक्षा त्या महिन्याची भीती त्यांच्या मनात जास्त बसली.

मेडिकल_ऑफिसर_ग्रारु

वरच्या ताईंनी लिहिलं ते फार महत्त्वाचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास पण येतात, त्यामुळे रुग्णाचे सगळे हक्क इथे लागू आहेत. मारहाण, साखळी, घरच्यांशी बोलू न देणं हे सगळं बेकायदेशीर. केंद्राची नोंदणी आहे का आणि डॉक्टर रोज येतात की फक्त बोर्डावर नाव आहे, हे विचारल्याशिवाय भरती करू नका.

कास्तकार भाऊ, तुमच्या मुद्द्यावर. झोप नाही, मन लागत नाही, जेवण कमी झालंय, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं बोलतो, अशा माणसाला दारू आणि डिप्रेशन दोन्ही असू शकतं आणि एकाचा उपचार करून दुसरं सोडलं तर दोन्ही परत येतात. ह्यासाठीच राज्याने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, आशाताईंनी घरोघर विचारपूस करायची आणि लक्षणं दिसली की पुढे पाठवायचं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा उपक्रम झाला, गावातलेच कार्यकर्ते घरी जाऊन बोलायचे. दीड वर्षात डिप्रेशनच्या लोकांपैकी मदत घेणारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. म्हणजे गावात मनाच्या आजाराबद्दल कोणी दारात येऊन विचारलं तर लोक बोलतात.

अजून एक, सगळ्यांसाठी. घरात फवारणीचं औषध मोकळं ठेवू नका. पेटीला कुलूप आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे, शक्यतो पेटी शेतातल्या कोठ्यात. आत्महत्येचा विचार बऱ्याचदा काही मिनिटांचा असतो आणि दारूत तो जास्त येतो, तेवढ्या वेळात हाताशी विष नसणं हेच माणूस वाचवतं. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी आणत नेली आणि पुढच्या वर्षांत तिथल्या आत्महत्या निम्म्यावर आल्या, शेती काही बुडाली नाही. कोणी मरायची भाषा केली तर थेट विचारा, विचारल्याने विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे. त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ लावा. टेली-मानस आहे, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. व्यसनासाठी वेगळा १४४४६ पण आहे.

कास्तकार७२

डॉक्टर, धन्यवाद. त्या माणसाच्या घरी कुलूपवाली पेटी मी स्वतः नेऊन देतो, आणि तुम्ही म्हणता तसं विचारतो त्याला झोपेचं. पण ताई, तुमच्या गावातल्या बायकांनी पुरुषांना पण ह्यात ओढा. पुरुषाशी पुरुष बोलला तर तो लवकर मोकळा होतो, मग ते पारावर असो की शेताच्या बांधावर. सोडलेला एखादा माणूस पंचक्रोशीत नक्की असेल, त्याला बोलवा, महाराजाला नको.

मोहफूल

कास्तकार भाऊ, हे एकदम पटलं. आणि बंदीबद्दल एकच म्हणतो, मुरलेला पिणारा वीस किलोमीटर जाऊन पण आणतो हे खरं आहे, पण सोळा वर्षांचं पोरगं शाळेतून येताना पहिला घोट घेतं ते रस्त्यात दुकान आहे म्हणून. जागतिक आरोग्य संघटना पण दारू सहज मिळू न देणं, कर वाढवणं, जाहिरात बंद करणं ह्यावर जोर देते ते ह्याचसाठी, पुढचे व्यसनी तयार होऊ नयेत म्हणून. खर्ऱ्याचं पण तेच, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, तो ठेला आधी हलवा, त्यासाठी मतदान लागत नाही.

सीआरपी_ताई_यवतमाळ

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, काल ग्रामसंघाच्या मीटिंगमध्ये मी मोबाइलवरून एकेक उत्तर वाचून दाखवलं. थायमिनचं वाक्य दोनदा वाचायला लावलं बायकांनी. पुडीचे पैसे परत घेतले, एक ताई रडली कारण तिने महिनाभर चहातून आधीच काहीतरी दिलंय, तिच्या नवऱ्याला उद्या आशाताई आणि मी दवाखान्यात घेऊन जातोय, डॉक्टर, त्याला खरं सांगूनच नेऊ ना?

मतदारयादी घेतली. मयत आणि लग्न होऊन गेलेल्या मिळून बरीच नावं निघाली, मोहफूल भाऊंनी सांगितलं नसतं तर आम्ही तशीच सह्यांची मोजणी केली असती. अर्ज यादी दुरुस्त झाल्यावरच देणार आहोत, तोपर्यंत सह्या चालू. ग्रामरक्षक दलाचा विषय पुढच्या ग्रामसभेत घेतोय. बाजूच्या गावात एक जण आहेत, पूर्वी फार प्यायचे, आता एएला जातात, त्यांना फोन केला, ते येतो म्हणाले, पण म्हणाले स्टेज नको, ज्याला बोलायचं त्याच्या घरी जाईन.

माझ्या चुलत दिराशी मी बोलले. पहिल्यांदा उठूनच गेला. संध्याकाळी स्वतः आला आणि विचारलं दवाखान्यात किती दिवस ठेवतील, सोयाबीन काढायला आलंय. मी म्हटलं सोयाबीन आम्ही काढू.

आता एक विचारायचं राहिलं. मांडवीकाठ ताईंनी मारहाणीचा विषय वेगळा धरा म्हटलं, पण आमच्याकडे बाई पोलीस ठाण्यात गेली की परत घरात घेत नाहीत. अशा वेळी नक्की कुठे जायचं?

मेडिकल_ऑफिसर_ग्रारु

हो ताई, खरं सांगूनच. आणि पुडीचा कागद, उरलेली पूड असेल ती सोबत आणा. तोपर्यंत त्याला दारूचा थेंब नको, पण तो रोज सकाळी पिणारा असेल तर उद्यापर्यंत थांबू नका, आजच आणा, १०८ ला फोन करा.

मांडवीकाठ

ताई, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पोलीस ठाण्यात न जाता पण तक्रार करता येते. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास विभागाकडून नाव आणि नंबर घेऊन ग्रामसंघाच्या फळ्यावर लिहून ठेवा. त्या कायद्यात राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही आणि कोर्ट नवऱ्याला मारहाण न करण्याचा आदेश देऊ शकतं. रात्री-बेरात्री असेल तर १८१, महिला हेल्पलाइन. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे काही दिवस राहायची सोय, वकील आणि समुपदेशक एकाच ठिकाणी मिळतात. आणि ती नववीतली पोरगी मोठ्या आईकडे झोपते ना, तिच्याशी कोणीतरी एकटीला बसवून बोला, बापाचा दवाखाना सुरू झाला तरी तिला लगेच घरी झोपायला लावू नका, ती स्वतःहून म्हणेल तेव्हाच.